बंदी हवी, पण मुदतीची!

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीवरील आपले छत्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतले आणि दहा वर्षे जगभरच्या कचेऱ्यांचा गाडा ओढणारी ही प्रणाली पोरकी झाली. त्या दिवशी यंत्रे काही बंद पडली नाहीत. मात्र तिच्यात पुढे सापडणारी छिद्रे नेहमीच्या रीतीने बुजवून देण्याची जबाबदारी निर्मात्यावर उरली नाही. असे असूनही आपल्या संगणकांवर नवी आवृत्ती चढू नये म्हणून अनेक आस्थापनांनी ती वाट मुद्दाम रोखून धरली आहे. कर्मचाऱ्याने कितीही खटपट केली तरी, हा अधिकार तुमचा नव्हे, एवढेच उत्तर त्याला पडद्यावर मिळते. याला दूरदृष्टी म्हणावे की दिरंगाई, हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. बँकेतील आपली ठेव, रुग्णालयातील आपली नोंद आणि सरकारी दप्तरातील आपला सात-बारा याच यंत्रांच्या स्वाधीन आहेत.

आस्थापनांची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. नवे ते सारे निर्दोष असते असे नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'विंडोज १०'ची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि काही ग्राहकांच्या यंत्रांतील कागदपत्रे व छायाचित्रेच तिने पुसून टाकली. चार दिवसांत तिचे वितरण थांबविण्याची पाळी कंपनीवर आली. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत तर प्रत्येक बदलानंतर, यंत्रणा पूर्वीइतकीच अचूक चालते, हे पुन्हा सिद्ध करून कागदोपत्री नोंदवावे लागते. आमच्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना हे सांगावयास नको. अशा ठिकाणी एखाद्या कारकुनाने हौसेपोटी नवी आवृत्ती चढविली, तर त्याचा भुर्दंड साऱ्या कारखान्याला पडेल. तेव्हा अटकाव करण्याचा आस्थापनेचा हक्क आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

परंतु हा हक्क अमर्याद नव्हे. खुद्द निर्मात्यांनीच त्याला सीमा घातली आहे. संस्थांच्या ताब्यातील संगणकांवर ॲपल कंपनी नवी आवृत्ती ९० दिवसांपर्यंत लांबणीवर टाकू देते. मायक्रोसॉफ्ट मोठ्या बदलांसाठी ३६५ दिवसांची, तर दरमहाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी अवघ्या ३० दिवसांची सवलत देते. या दोन मुदतींतील अंतर बोलके आहे. नवी आवृत्ती म्हणजे घराची पुनर्बांधणी. ती सवडीने करता येते. सुरक्षा-दुरुस्ती म्हणजे तुटलेली कडी बसविणे. तिला सवड नसते. आमच्याकडील अनेक कार्यालये या दोहोंना एकाच कुलपात कोंडतात आणि खरा अनर्थ तेथेच घडतो.

तो कसा घडतो, हे ब्रिटनने २०१७ साली अनुभवले. मायक्रोसॉफ्टने एका गंभीर उणिवेवरील दुरुस्ती १४ मार्च रोजी उपलब्ध करून दिली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने त्याच उणिवेतून शिरकाव केला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले, सुमारे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज वर्तविला गेला, आणि काही भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी लागली. औषध दोन महिने दारात येऊन पडले होते. ते आत घेण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाला या हलगर्जीची किंमत मोजावी लागली, याचे वैषम्य वाटते.

यावर कोणी म्हणेल की, आलेला प्रत्येक बदल तत्काळ स्वीकारावा. तेही आम्हांस मान्य नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी पोहोचली आणि सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. चूक ध्यानात येऊन फाइल मागे घेईपर्यंत दीड तासही लोटला नव्हता. परंतु पडलेली यंत्रे बहुतांशी एकेक करून हातानेच उठवावी लागली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. डोळे मिटून नकार देणारा आणि डोळे मिटून होकार देणारा, दोघेही अखेर एकाच खड्ड्यात पडतात.

मग मार्ग कोणता? त्यासाठी फार दूर जावयास नको. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर विसावतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडून तपासली जातात. या बंदीला कारण आहे, आरंभ आहे आणि अंतही आहे. त्या अवधीत करावयाची कामेही ठरलेली आहेत. बंदी उठण्याची तारीखच कोणी सांगितली नसती, तर तिला बंदी न म्हणता धंदा बुडाला असेच म्हणावे लागले असते.

संगणकांवरील अटकावही असाच असावा. सुरक्षा-दुरुस्त्या त्यातून वगळाव्यात. नवी आवृत्ती प्रथम थोड्या यंत्रांवर चढवून पाहावी, मग टप्प्याटप्प्याने सर्वत्र न्यावी. अटकाव कोणी, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत घातला, हे लेखी असावे व कर्मचाऱ्यांनाही कळावे. ज्या यंत्राला नवी आवृत्ती पेलतच नाही, ते इंटरनेटपासून अलग ठेवावे किंवा सेवानिवृत्त करावे. 'विंडोज १०' वापरणाऱ्या संस्थांना मायक्रोसॉफ्टने आणखी तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या विकत देऊ केल्या आहेत. पण दर यंत्रामागे पहिल्या वर्षाचे शुल्क ६१ डॉलर आणि पुढे ते दरवर्षी दुप्पट! आजचे काम उद्यावर ढकलण्याचे व्याज कसे चढते, याचा याहून रोखठोक हिशेब तो कोणता?

सरकारी खाती, सहकारी बँका आणि रुग्णालये यांनी आपल्या यंत्रांवर असे किती अटकाव कोणत्या साली घातले गेले आणि ते घालणारे अधिकारी आज कोठे आहेत, याची एकदा मोजदाद करावी. अनेक ठिकाणी अधिकारी बदलून गेला असेल, त्याचे कारणही विस्मृतीत गेले असेल, आणि कुलूप तेवढे लटकत राहिले असेल. किल्ली कोणापाशी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने घर सुरक्षित असल्याचा निर्वाळा लोकांना देऊ नये.