शहर वाढावे, पण कोठे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, त्यास आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. जिल्ह्याचे ठिकाण झाल्यामुळे गावात कचेऱ्या आल्या, कोर्टकामे वाढली, पूर्णा-अकोला लोहमार्ग रुंद झाला, आणि अकोल्याहून नांदेडवरून तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ व्यापाराच्या सोयीस आला. २०११ च्या खानेसुमारीत हिंगोली शहराची वस्ती ८५ हजारांवर होती. ती तेथेच थांबली असेल असे कोणीही म्हणणार नाही. शहराची वाढ हे अरिष्ट नव्हे; ज्या गावात माणूस येतो त्या गावात काही तरी जीव आहे असेच समजावे. म्हणून वाढीस आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे की, शहराने वाढावे कोठे, आणि त्या वाढीचा खर्च सोसावा कोणी?

आज जिल्ह्यातील पाचही तालुक्यांच्या गावांत थोड्याफार फरकाने एकच प्रकार दृष्टीस पडतो. गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर काळ्याभोर शेतात पांढरे दगड रोवलेले दिसतात आणि ‘एन. ए. प्लॉट विकणे आहे’ असा फलक झळकतो. प्लॉट विकले जातात, परंतु घरे होतात ती तुरळक. बाकीच्या जागेत गाजरगवत माजते, कारण घेणाऱ्यास घर नको असते, भाव वाढावयास हवा असतो. इकडे जुन्या पेठेत वाडे पडके होतात, माड्या ओस पडतात, गटारे उघडी वाहतात, आणि ज्याच्या गाठी चार पैसे आहेत तो दुकानदार दुकान उचलून महामार्गाच्या कडेला जातो. परिणाम असा की पेठही गेली आणि शेतही गेले. एका हाताने घरातला दिवा मालवावयाचा आणि दुसऱ्या हाताने अंगणातले झाड तोडावयाचे, यास आम्ही प्रगती म्हणावयास तयार नाही.

पेठ आणि शेत या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत ही समजूत मुळातच चुकीची आहे. हिंगोलीची पेठ आपोआप उभी राहिलेली नाही. निजामी अमलात येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, ती १९०३ च्या सुमारास उठली. पण छावणी उठली म्हणून बाजार उठला नाही. कारण भोवतालच्या काळ्या जमिनीतील कापूस या पेठेत येत होता. आज कापसाच्या जोडीस सोयाबीन आणि तूर आली आहे, आणि हळदीने तर जिल्ह्याचे नाव दूरवर नेले आहे. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतची हळद-पेठ यांत शेजारच्या जिल्ह्यांतूनही माल येतो, आणि वसमतच्या हळदीस आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकन म्हणजे काय? या मालाचा गुण या मातीशी बांधलेला आहे, अशी कायद्याने दिलेली कबुली. ती माती फरशीखाली गाडून मानांकनाचा कागद भिंतीवर टांगणाऱ्यास आम्ही शहाणा कसे म्हणावे? शिवाय हळदीस केवळ शेत पुरत नाही. ती शिजवावी लागते, उन्हात पसरून वाळवावी लागते, ढोलात घालून घासावी लागते. शेताच्या मधोमध चार बंगले उभे राहिले की पहिली तक्रार येते ती धुराची आणि धुळीची, आणि कालचा शेतकरी आपल्याच शिवारात उपद्रवी ठरतो.

आता व्यापाऱ्यांस समजेल अशा जमाखर्चाच्या भाषेत बोलू. ३० फूट रुंदीचे प्लॉट रस्त्याच्या दोन्ही अंगांस असले तर १०० घरांस १,५०० फूट रस्ता, तितकीच नळाची वाहिनी आणि त्यामानाने गटार व दिवे लागतात. तीच १०० घरे तीन प्लॉटांत एक या हिशेबाने विखुरली तर रस्ता ४,५०० फूट होतो. घरपट्टी मात्र १०० घरांचीच. हा तिपटीचा खर्च कोण भरतो? तो पेठेतील करदाता भरतो. आणि बदल्यात त्याच्या दारापुढील गटार झाकण्यास नगरपालिकेजवळ पैसा उरत नाही. गावाबाहेरचे रिकामे प्लॉट हे अशा रीतीने पेठेच्या तिजोरीवर बसविलेले गुप्त कर आहेत.

कायदा नाही म्हणून हे होते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ पासून आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. परंतु एका हाताने बंधन घालावे आणि दुसऱ्या हाताने सोडावे अशी सरकारची रीत पडली आहे. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीपुरता तो होता. पुढे २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. जो नियम पाळतो तो वेडा आणि जो मोडतो त्यास वीस वर्षांनी सनद, असा धडा लोकांस मिळाल्यावर नियम पाळील कोण? जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड अन्वये गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीस निवासासाठी अकृषिक मानण्याची सवलत देण्यात आली. तिचा हेतू वस्ती गावास चिकटून वाढावी असाच मानला पाहिजे. पण त्या २०० मीटरांत प्लॉट रिकामे असता पुढील दोन कोसांवर परवाने दिले जात असतील, तर सवलत आणि हेतू यांची फारकत झाली असे म्हणणे भाग आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची गोष्टही तशीच. उद्यान, क्रीडांगण किंवा भाजीबाजार यांसाठी आराखड्यात राखलेली जागा १० वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढील २४ महिन्यांत हालचाल न झाल्यास आरक्षण संपते. म्हणजे नगरपालिकेने नुसते स्वस्थ बसावे, की गावाचे मैदान आपोआप नाहीसे होते. कुंपणाने शेत खाण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

जुनी पेठ सुधारावयाची म्हणजे ती पाडून रुंद रस्ते काढावयाचे, अशी पुष्कळांची कल्पना असते. तिचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, त्यांनी अनेक शहरे पायी हिंडून पाहिली, होळकरांच्या इंदूरवर १९१८ मध्ये मोठा अहवाल लिहिला, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले अध्यापक झाले. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरवू नये. कुशल वैद्याप्रमाणे सडलेला तेवढाच भाग कापावा, एखादे पडके घर काढून तेथे चौक आणि झाड करावे, विहिरी व तळी राखावी. अशा सुधारणेस पैसा थोडा लागतो आणि माणसे उठवावी लागत नाहीत. लहान गावास परवडणारी सुधारणा हीच होय.

यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की, शेती तोट्यात असता शेतकऱ्याने जमीन विकू नये असे सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप जड आहे आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. परंतु एकराने विकणारा शेतकरी आणि फुटाने विकणारा दलाल यांच्या भावांत जे अंतर असते ते कोणाच्या खिशात जाते, हेही आक्षेपकांनी सांगावे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून या प्रांतास ठाऊक असलेली एक पद्धत आहे: अनेक मालकांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेले सोयीचे भूखंड मूळ मालकांसच परत द्यावयाचे. जेथे शहरास खरोखरच जमीन हवी तेथे ही पद्धत लावावी, म्हणजे वाढलेल्या भावाचा वाटा शेतकऱ्यास मिळेल.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. पेठेत मोटारी बंद केल्या तर गिऱ्हाईक जाईल. आमच्या व्यापारी बंधूंनी एक दिवस आपल्याच दुकानापुढे उभे राहून पाहावे. पुढील जागा पुष्कळदा मालकाच्या आणि नोकरांच्याच मोटारसायकलींनी अडलेली असते, आणि लुगडे किंवा सोने घ्यावयास आलेली बाई वाट काढीत आत येते. गिऱ्हाईक पायांनी दुकानात शिरते, चाकांनी नव्हे. बाजाराच्या वेळेपुरती वाहने पेठेच्या तोंडाशी थांबविली, गटारे झाकली, बायकांसाठी स्वच्छ शौचकूप बांधले, तर पेठ ओस पडणार नाही, भरेल. फेरीवाल्यांस हाकलणे हा उपाय नव्हे. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेतेच असावे लागतात. त्यांच्याशी बसून जागा ठरवाव्या.

तिसरा आक्षेप असा की, हे पुण्यामुंबईचे प्रश्न आहेत, हिंगोलीस त्यांचे काय? आमचे उत्तर असे की, पुण्यामुंबईस आता हे प्रश्न सोडविणे अवघड झाले आहे. हिंगोलीस ते टाळणे अजून सोपे आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात पुरुषार्थ नाही. मोकळ्या शिवाराची किंमत केवळ पिकाने मोजावी असेही नाही. औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथे गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याच्या २,६०० कोटी रुपयांच्या योजनेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र इतके नाजूक की जमिनीचा बारीकसा कंपही त्यास बाधतो; येथील शांतता हा तिच्या निवडीतील एक मोठा आधार होता. ज्यास आपण ‘काहीच नसलेला माळ’ म्हणतो तो जगाच्या शास्त्रज्ञांस मोलाचा वाटला, एवढे तरी आपण ध्यानी घ्यावे.

तेव्हा करावे काय? नगरपालिकेने प्रथम हद्दीतील रिकाम्या प्लॉटांची आणि पडक्या वाड्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी. ती जागा पुरेशी भरेपर्यंत दूरच्या शेतांस अकृषिक परवाने देऊ नयेत, अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जुन्या वहिवाटीच्या दुरुस्तीस घरपट्टीत सूट द्यावी. नवी सरकारी कचेरी माळावर न बांधता गावात बांधावी, म्हणजे खेडुतास रिक्षाचे भाडे पडणार नाही आणि पेठेस गिऱ्हाईक मिळेल. आरक्षित जागांच्या मुदतीची तारीखवार नोंद नगरपालिकेच्या दारावर लावावी. आणि कयाधूच्या दोन्ही काठांवर पूररेषेच्या आत एकही वीट चढू देऊ नये. प्रल्हादाच्या मातेचे नाव धारण करणारी ही नदी वर्षातून काही दिवस आपली जागा परत मागते. तेव्हा तिच्याशी दावा लढून उपयोग होत नाही.

हे सर्व कोणी करावे? मराठवाड्यास १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अमलातून मुक्तता मिळाली, आणि १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना हा विषय नगरपालिकांकडे सोपविण्याची दिशा घालून दिली. मध्यंतरी राज्यातील बहुतेक नगरपालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या; डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी लोकांचे प्रतिनिधी पुन्हा सभागृहात बसले आहेत. त्यांस आमचे सांगणे आहे की, कमानी आणि फलक यांवरून तुमची परीक्षा होणार नाही. पाच वर्षांनी पेठेत दिवे किती लागतात आणि गावकुसाबाहेर हळद किती उभी आहे, या दोन गोष्टी लोक मोजतील. आणि लोकांस आमचे सांगणे असे की, नगरपालिकेच्या सभेस जा, आराखड्यावर हरकत घेण्याची मुदत चुकवू नका. स्वराज्य हे दिल्लीस मिळते, पण ते राखावे लागते आपल्याच गल्लीत.