दिल्लीच्या डेमो टेपना घर हवे

२००२ मध्ये एडो बाउमन हा डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्डी धुंडाळत हिंडत होता. एका दुकानात त्याला चरणजित सिंग यांची १९८२ची एलपी सापडली. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका, आणि सारे काही रोलंड कंपनीच्या यंत्रांवर वाजवलेले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत उमेदीची वर्षे घालवलेल्या या वादकाची ती एलपी निघाली तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नव्हते. बाउमनने २०१० मध्ये ती पुन्हा काढली. शिकागोचे अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्मायच्या आधीच मुंबईत कोणीतरी त्याच्या जवळपास पोहोचले होते, हे तेव्हा जगाला कळले. सत्तरीतले सिंग मग युरोपात कार्यक्रम करू लागले.

ती एलपी निदान एचएमव्हीने छापली तरी होती. पंक आणि हार्डकोर बँडच्या डेमोला तेवढेही भाग्य लाभत नाही. जॅम रूममध्ये जमायचे, चार-पाच गाणी एका दमात वाजवून कॅसेटवर घ्यायची, घरच्या डेकवर तिच्या प्रती काढायच्या आणि गिगला येणाऱ्यांच्या हातात ठेवायच्या. असे बँड पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत मोडतात. कोणी नोकरीला लागतो, कोणी परदेशी जातो. मागे राहतो तो डेमो, आणि तोच त्या बँडचा एकमेव पुरावा असतो.

असा पुरावा हाती लागला की संगीताचा लिहिलेला इतिहास दुरुस्त करावा लागतो. डेट्रॉइटमध्ये हॅक्नी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी ‘डेथ’ या नावाने १९७५ मध्ये सात गाणी ध्वनिमुद्रित केली. बँडचे नाव बदला, असा रेकॉर्ड कंपनीचा आग्रह होता; त्यांनी तो मानला नाही. स्वतःच्या हिमतीवर त्यांनी एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या. ती सात गाणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पंक ही गोऱ्या पोरांची निर्मिती, हा समज डळमळला. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’चे १९७९चे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये बाहेर आले, तर ‘मायनर थ्रेट’चा १९८१चा डेमो २००३ मध्ये. दोन्ही वेळा कोणीतरी टेप जपून ठेवली होती, एवढेच त्यामागचे कारण.

दिल्लीत काय आहे? निखळ पंक म्हणावे असे बँड इथे थोडेच. मेटल, गराज आणि स्का यांच्या सीमेवर वाजवणारे अधिक. पण या परिसराचे कॅसेटशी नाते जुने. दर्यागंजच्या गुलशन कुमारांनी उभारलेली सुपर कॅसेट्स नोएडात वाढली, आणि स्वस्त कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या कॅसेट संस्कृतीवर १९९३ मध्ये पुस्तकच लिहिले. त्याच वर्षी अमित सैगल यांनी अलाहाबादेत ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. पुढे ते दिल्लीला आले आणि त्यांच्या ‘ग्रेट इंडियन रॉक’ महोत्सवासाठी देशभरचे बँड आपले डेमो पाठवू लागले. सैगल २०१२ मध्ये गेले. महोत्सवासाठी पाकिटांतून आलेल्या टेपा एकत्र ऐकता आल्या, तर १९९०च्या दशकातला शहरी तरुण कशावर चिडला होता, हे कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा स्पष्ट कळेल.

त्यानंतरच्या पिढीची स्थिती याहून वाईट. तिने गाणी मायस्पेस या संकेतस्थळावर चढवली आणि ती तिथे सुरक्षित आहेत असे धरून चालली. २००३ ते २०१५ या काळात चढवलेले संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झाल्याचे मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले. इंटरनेट आर्काइव्हने त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी परत उभी केली. गेली त्यांची संख्या काही कोटींत सांगितली जाते. घरच्या संगणकावर भाजलेल्या सीडींवरचा रंगाचा थर उष्णतेने विरतो, कॅसेटला दमट हवेत बुरशी लागते. दिल्लीचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा या दोन्हींचे वैरी आहेत.

मराठी वाचकाला हे दुखणे ओळखीचे आहे. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या आज ऐकायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय संग्राहकांना जाते. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने मुंबईत १९९० पासून हे काम चिकाटीने केले. ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक १९५४ मध्ये निघाले, तेव्हा तेही असेच मूठभरांपुरते होते. ते काढणाऱ्यांपैकी दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर यांच्याशिवाय आज मराठी कवितेचा इतिहास लिहून दाखवावा. कोलटकरांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा डेमोही केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ओबडधोबड ध्वनिमुद्रण कशाला जपायचे, असे विचारले जाते. त्या ओबडधोबडपणातच पुष्कळ माहिती असते: खोली केवढी होती, गिटार कितीची होती, कोणत्या भाषेत शिव्या दिल्या. ‘द व्हायनिल रेकॉर्ड्स’ हा अरुणाचलच्या मुलींचा बँड दिल्लीत वाजवू लागला, ‘द स्का व्हेंजर्स’ने राजकारणावर थेट गाणी केली. ईशान्येतून आलेल्या तरुणांकडे ही राजधानी कशी पाहते आणि ते तिला काय उत्तर देतात, हे सरकारी कागदांत सापडणार नाही.

१९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते. ध्वनिमुद्रणाला तसे बंधन नाही. ते यावे, ही मागणी रास्त आहे. पण कायद्याची वाट पाहत बसायला वेळ उरलेला नाही. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे, १९८२ मध्ये सुरू झालेले लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताचे मोठे ध्वनिसंग्रहालय आहे. दिल्लीत संगीत नाटक अकादमी आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र आहे. यांच्यापैकी एका संस्थेने डेमोंसाठी एक कपाट, एक चालू स्थितीतला कॅसेट डेक आणि एक जाणता माणूस द्यावा. टेप देणाऱ्याकडून वादकांची नावे, साल आणि ध्वनिमुद्रणाची जागा लिहून घ्यावी. गाणे सर्वांना ऐकवायचे की फक्त अभ्यासकांना, हे त्यालाच ठरवू द्यावे. १९९०च्या दशकातले ते वादक आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि एका फोनवर सापडतात. त्यांना विचारायला सुरुवात याच वर्षी करता येईल.