बारमाही पालक

अम्मींचं हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी वाढवायला सांगितली आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या गॅलरीतला पालक तुऱ्यावर आला. एप्रिलअखेर होती. पानं निमुळती, दांडे जाड, चव कडवट. चूक आमचीच. डिसेंबरात पेरलेली एकच कुंडी वर्षभर पुरेल, असं आम्ही धरून चाललो होतो. वर्गात बियांचं अंकुरण शिकवणाऱ्यांना तरी हे कळायला हवं होतं!

आता दर 15 दिवसांनी एक पसरट कुंडी पेरतो. 8 इंच खोली पुरते. बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टाकायचं. आपला देशी पालक बीटच्या कुळातला, त्यामुळे एका बीतून दोन-तीन रोपं येतात. उपटायला जीव होत नाही, पण विरळणी करावीच. महिनाभरात पहिली कापणी. बुडाशी दोन इंच ठेवलं की तीन-चारदा फुटतो.

पावसाळ्यात कुंडीची भोकं तपासावीत, नाहीतर मुळं कुजतात. उन्हाळ्यात फक्त सकाळचं ऊन द्यावं. दुपारी आम्ही जुनी ओढणी बांधतो. तरीही मे महिन्यात पानं लहानच येतात. ती कोवळी असतानाच खुडावीत.

पालकातलं लोह अंगी कमीच लागतं, म्हणून डाळ-पालकावर लिंबू पिळतो. गोळ्या चालूच आहेत. मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारूनच पालक खावा.

काल नवी कुंडी अम्मींनी स्वतः पेरली. बी जरा दाटच पडलंय.