सोवळे अजून सुटलेले नाही

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, कोणाचा विटाळ होऊ द्यायचा नाही! वाचताना हसू आवरत नाही. परंतु त्या सोवळ्यापायी घरातल्या माणसांचे किती हाल झाले तेही त्याच पानांत आहे, आणि तेथे आपले हसू थांबते.

आम्ही ख्रिस्ती माणसे हे वाचतो आणि मनात म्हणतो, बरे झाले, आपण यातून सुटलो. वाचकहो, खरोखर सुटलो काय?

रविवारची मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात पाच मिनिटे थांबून पाहावे. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत कोण उभे राहिले, कोण बाकावरच बसून राहिले, कोणाच्या मुलीने परधर्मात लग्न केले, याची तोंडी नोंदवही तेथे रोज उघडते. नवऱ्याने टाकलेली एक भगिनी आमच्या माहितीची आहे. तिने मिस्सेला येणे सोडले. देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर मागच्या बाकावरची कुजबुज सहन होईना म्हणून. त्या आवारात आम्हीही उभे होतो आणि आम्हीही मान डोलावली होती. पाण्याचे सोवळे आम्ही टाकले खरे. ख्रिस्तप्रसादाभोवती मात्र नवे सोवळे उभे केले.

यासाठी धर्मसभेचे नाव पुढे केले जाते. तेव्हा धर्मसभा काय शिकवते ते पाहू. मनुष्याला नीतिमान ठरवणारी कृपा त्याला आधीच्या कोणत्याही सत्कृत्याने कमावता येत नाही, ती देवाचे फुकट दान आहे, असे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ साली सांगितले. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्याही याच पायावर. जे आपण स्वतः कमावलेले नाही, त्याची पावती शेजाऱ्याकडे मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक उदाहरण घ्या. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास १९१७ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेने ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही सांगितले आहे. माता धर्मसभेने कायदा बदलला. तिची लेकरे मात्र आपापल्या ओसरीवर जुनाच खटला चालवीत बसली आहेत, आणि अशा घरातील विधवेकडे दुसऱ्या आठवड्यापासून कोणी फिरकत नाही.

कोणी विचारील, मग पापाला पाप म्हणायचेच नाही काय? अवश्य म्हणावे. विवाहबंधनाचे पावित्र्य किंवा पापनिवेदनाची शिस्त यांतले काहीही आम्ही हलके लेखत नाही. परंतु बंधू चुकला तर प्रथम त्याला एकांतात भेट, असे प्रभूने सांगितले आहे. आम्ही मात्र त्याला सोडून साऱ्या गावाला भेटतो. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीलाही प्रभूने पुन्हा पाप न करण्यास बजावले. पण केव्हा? लोकांच्या हातातले धोंडे गळून पडल्यावर. आधी तिचा जीव वाचवला, मग उपदेश केला. आम्ही हा क्रम उलटा करतो, आणि पुष्कळदा उपदेशापाशीच थांबतो.

नाशिककरांना द्राक्षमळ्याचा दाखला समजावून सांगावा लागू नये. निफाड-दिंडोरीकडे सकाळपासून उन्हात द्राक्षे खुडणाऱ्या मजुराने, संध्याकाळी पाचला आलेल्याच्या हातावर पूर्ण रोज पडलेला पाहिला, तर त्याला काय वाटेल हे आपण जाणतो. व्यवहाराने पाहता त्याची कुरकुर रास्त आहे. परंतु मळा धन्याचा आहे, पैसा धन्याचा आहे. बाळपणीच स्नानसंस्कार झालेले आणि वर्षानुवर्षे मिस्सा न चुकवलेले आम्ही, हेच त्या दाखल्यातले कुरकुर करणारे मजूर. आम्हालाही धन्याने नाक्यावरूनच उचलून आणले होते, हे तेवढे आम्ही विसरलो.

नारायणराव टिळकांचा स्नानसंस्कार १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई लागलीच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, असे त्यांच्या मनाने घेतले तेव्हा त्यांनी प्रथम विटाळ टाकला, आणि १९०० साली स्नानसंस्कार घेतला. आमचा क्रम वेगळा पडला आहे. आमचा स्नानसंस्कार केव्हाच झाला. विटाळ टाकणे तेवढे राहून गेले आहे.

त्या भगिनीचे घर देवळापासून फार दूर नाही. आजवर आम्ही तिच्याकडे गेलो नाही, हा दोष आमचा. या रविवारी मिस्सेआधी तिच्याकडे जावे, काही एक विचारू नये, आणि येताना तिला सोबत घेऊन यावे. आमच्या बाकावर एका माणसाची जागा आहे.