कपारीतली शाळा

नात नुकतीच अकरा वर्षांची झाली. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तिला आता सगळं सांगायला हवं. तुम्हीच सांगा ना!"

आता काय बोलणार? मला तरी कुणी सांगितलं होतं? "चार दिवस बाजूला बस," एवढंच आई म्हणाली. मी मात्र मोठा आजार झाला समजून रात्रभर रडले होते.

त्याच सुमारास आफ्रिकेतल्या मालावी देशाविषयी वाचनात आलं. तिथं चोंगोनीच्या डोंगरांत, खडकांच्या कपारींत चित्रं असलेल्या १२७ जागा आहेत. २००६ साली युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा ठरवला. तांबडी चित्रं जुनी, शिकार करून राहणाऱ्या बाट्वा लोकांची. पांढऱ्या मातीची चित्रं शेतकरी चेवा लोकांची, आणि त्यांतली कितीतरी चक्क बायकांच्या हातची!

मुलगी वयात आली की तिथं 'चिनाम्वाली' नावाचा विधी होतो. गावातल्या जाणत्या बायका मुलींना शरीर, संसार, वागणूक सारं समजावतात. कपारीतली चित्रं याच शिकवणीशी जोडलेली. अर्थ मात्र विधी झालेल्यांनाच ठाऊक, बाहेर सांगायचा नाही.

पुरुषांचंही असंच गुपित आहे, 'न्याऊ' मंडळ. चेवांमध्ये वंश आईकडून चालतो आणि रीतीप्रमाणे नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. तिथं त्याचा शब्द तो काय चालणार! म्हणून गावोगावच्या पुरुषांना या मंडळाचा आधार. मुखवटे घालून ते 'गुले वाम्कुलू' हा नाच करतात, मयताच्या विधीतसुद्धा. एकोणिसाव्या शतकात न्गोनी लोकांनी आणि पुढं मिशनऱ्यांनी हे दडपायला पाहिलं, तरी ते टिकलं.

तिथलं सारंच घ्यावं असं नव्हे हं! त्या विधींतल्या काही प्रथांवर मालावीतच टीका होते. पण एक गोष्ट मला पटली. त्यांचं गुपित परक्यांपासून असतं, मुलीपासून नाही. आपण मात्र जिला सांगायचं, तिच्यापासूनच लपवत आलो.

रविवारी दुपारी नातीला जवळ बसवलं. शब्द अडखळले, पण सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, तू तेव्हा घाबरली होतीस?"

"हो गं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.