पोटातलं पाणी आणि उसाचा फड

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातला आमचा शिरूर कासार तालुका रिकामा होऊ लागतो. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, कोल्हापूर-सांगलीकडे, काही थेट कर्नाटकात जातात. त्यात लिव्हर सिरॉसिसमुळे पोटात पाणी झालेला माणूस असेल, तर त्याच्या उपचारांचं काय, एवढ्यासाठी हे पत्र.

स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्या महाग नाहीत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही आहेत. बहुधा 100 आणि 40 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. पहिली गोळी पोटॅशियम धरून ठेवते, दुसरी घालवते, म्हणून ही जोडी. पण मात्रा वाढवायची ती वजन आणि रक्त तपासून. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरता कामा नये. पाणी भराभर उतरलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, सोडियम घसरतं, माणूस बरळू लागतो. जुलाब लागले तर गोळ्या थांबवून डॉक्टर गाठावा लागतो. हंगामभराच्या गोळ्या पिशवीत बांधून दिल्या म्हणजे उपचार झाले असं होत नाही.

फडात तर सगळं उलटंच असतं. पहाटेपासून वाकून तोड, डोक्यावर मोळ्या, मग अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. याच गोळ्या या रुग्णाचं मूत्रपिंड बिघडवतात आणि लघवीच्या गोळ्यांचा गुण मारतात. हे त्याला त्याच्या बोलीत कुणीतरी बजावून सांगायला हवं. मिठाचंही तसंच. दिवसभरात सगळं मिळून जेमतेम चमचाभर, 5 ग्रॅम. कोपीवरचं, म्हणजे मजुरांच्या झोपडीतलं, जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, लोणचं. सैंधव चालतं हा समज खोटा आहे, आणि कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते स्पायरोनोलॅक्टोनबरोबर घातक ठरू शकतं.

15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. फार मोलाचा निर्णय होता तो. आता तो कोपीपर्यंत न्या. टोळी निघण्याआधी अशा रुग्णाचं वजन आणि क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून कार्ड द्या, मराठीत आणि कन्नडमध्येही. ते दाखवताच कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी व्हावी, मात्रा ठरावी. अडल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून फोनवर सल्ला मिळावा.

आणखी एक. सुईनं पोटातून एकाच वेळी 5 लिटरहून जास्त पाणी काढलं, तर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, तर अँटिबायोटिकच्या जोडीला तेच लागतं. अल्ब्युमिनची बाटली मजुराला परवडत नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तिचा साठा हंगामभर राहील, एवढी तजवीज गाळप सुरू होण्याआधी करावी.

आपला,
शिरूर कासार तालुक्यातील एक रहिवासी