गोल काही केल्या गोल येईना

सांताक्रूझ पूर्वेला माझ्या मित्राच्या गॅलरीत, वॉशिंग मशिनला खेटून एक सीएनसी मशिन आहे. घरीच जोडलेलं. कम्प्युटरवर आकार काढायचा, फिरतं कटर तो लाकडात कोरून देतं. पहिल्या दिवशी त्याने वर्तुळ सांगितलं, मशिनने अंडं दिलं. (शेजारच्या काकूंनी आवाजावरून सुनावलं ते वेगळंच.)

यात मेंदू महाग नाही. 'जीआरबीएल' हे सॉफ्टवेअर २००९ पासून फुकट मिळतं आणि साध्या आर्डुइनो उनोवर चालतं. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हरने एकेका पावलाचे १६ तुकडे केले की झाली ३,२००. स्क्रू एका फेरीत ८ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला ४०० पावलं. कागदावर एकदम भारी! पण स्क्रू आणि नटमध्ये केसभर फट असते. दिशा उलटली की मोटर फिरते, टेबल मात्र क्षणभर हलतच नाही. हा बॅकलॅश. (आपल्याला बॅकलॉग तेवढा माहीत.) मित्राने स्प्रिंगवाला नट बसवला, फ्रेम पुन्हा गुण्यात घेतली, तेव्हा कुठे वर्तुळ जवळपास वर्तुळ झालं.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅबची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण लॅब म्हणजे खोक्यातून आलेलं तयार मशिन आणि ते बिघडू नये म्हणून वर कुलूप, असं झालं तर मुलांची बॅकलॅशशी गाठच पडणार नाही. वर्तुळाचं अंडं का झालं, हा प्रश्नच पडणार नाही. माझ्या मते थोडे पैसे सुट्या भागांसाठी, थोडे बिघाडासाठी ठेवायलाच हवेत.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. कलबाग यांनी तो १९८३मध्ये सुरू केला. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. पण त्याआधीच तिथली मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी स्वतः करत शिकत होती. हात आधी तयार झाले, कम्प्युटरवर चालणारी मशिनं नंतर आली.

मुंबईत घोडं अडतं ते जागेवर. अंधेरीत मेकर्स असायलम होतं, तेही गोव्याला गेलं. आणि कॉलेजचं वर्कशॉप? संध्याकाळी सहानंतर तुमच्यापैकी किती जणांना उघडं मिळतं?

मित्राला आता ॲल्युमिनियम कापायचंय. त्यासाठी फ्रेम जड हवी, म्हणजे गॅलरीतून मुक्काम हलवणं आलं. काकूंनी तर शब्दच घेतलाय. वाकोल्यात एखादा रिकामा गाळा असेल तर सांगा.